काकाले विचारा : तंबू कुठं गाडू, गाडी कुठं लावू?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की चाळीस वर्षं बिछायत केंद्र चालवलं, भागवत सप्ताहापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळ्यांचे मांडव टाकले, तर गाण्याबजावण्याच्या मोठ्या कार्यक्रमाले मुक्कामानं जाणाऱ्यांनी काही विचारायचं असेल तर विचारा. म्हटलं चार-दोन पत्रं येतील. गंज आली. कोणी भजनाले निघाले, कोणी पोरांच्या त्या धडाडधूम फेस्टिव्हलले, पण अडलं सगळ्यांचं एकाच ठिकाणी, झोपायचं कुठं अन् गाडी कुठं उभी करायची. त्यातली पाच पत्रं घेतो, बाकीचे रागावू नका.

काका, आमचं खंजिरी भजन मंडळ आहे, बाया-माणसं मिळून २२ जण. यंदा मोझरीले पुण्यतिथी महोत्सवाले जायचं ठरलं, सोबत एक पिकअप अन् एक ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रॉलीतच सामान. मागच्या साली एका दुसऱ्या कार्यक्रमाले गेलो तर रात्री पोचलो, अंधारात जिथं जागा दिसली तिथं तंबू टाकला, पहाटे पाऊस आला अन् पिकअप असा फसला की दुपारपर्यंत निघाला नाही. जागा पाहायची कशी ते सांगा.
— एक वाचक, पुलगावजवळचं गाव

पहिले तर तारीख पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ले, पण महोत्सव तिथीनं होतो, आश्विन वद्य पंचमी, म्हणजे कोजागिरी झाली की पाचेक दिवसांनी. त्यामुळं तो कधी ऑक्टोबरच्या मध्यात येते तर कधी नोव्हेंबर लागल्यावर. हे एवढ्यासाठी सांगून राहिलो की ऑक्टोबरच्या मध्यात आला तर परतीचा पाऊस डोक्यावर असू शकते अन् नोव्हेंबरात आला तर पहाटे थंडी अन् दव. दोन्हीची तयारी वेगळी, ताडपत्री का घोंगडी, ते कॅलेंडर पाहून ठरवा.

आता जागा. लोक काय करतात, पोचले की पहिले मांडव कुठं आहे ते पाहतात, स्टेज किती जवळ पडते ते पाहतात, अन् तिथंच सामान उतरवतात. मी म्हणतो मान खाली घाला अन् माती पाहा. आपल्या वऱ्हाडाची काळी माती कापसाले सोनं आहे पण मुक्कामाले वैरीण. वाळली असली की गोट्यासारखी, तिच्यावर हत्ती उभा करा, अन् एक सर आली की फुगते, चिकटते, चपलेले दोन किलो गोळा लागते अन् चाक जागेवरच गरगर फिरते. कोरड्या दिवशी ती फसवते, वाटते लय मजबूत जागा आहे. जमिनीले हात जाईल एवढ्या भेगा दिसल्या की समजा तीच आहे. भेगा नाही दिसल्या तर चिमूटभर माती घ्या, पाण्यानं ओली करा अन् तळहातावर शेवयीसारखी वळा, लांब शेवयी न तुटता झाली तर तिथून निघा, तुटून तुटून पडली, हाताले खडे टोचले, तर मुरमाड आहे, तिथं बिनधास्त उतरा. बरड, पड, शाळेचं ग्राउंड, जुनं खळं, असलं काही अर्धा किलोमीटर लांब भेटलं तरी चालते, भजनाले पायी जाता येते पण फसलेला पिकअप खांद्यावर आणता येत नाही.

दुसरं म्हणजे उतार. सपाट जागा सपाट दिसते पण पाण्याले तिचा उतार माहीत असते. मागच्या पावसाचे ओघळ पाहा, काडीकचरा कुठं जमून बसला ते पाहा, नाल्याच्या काठचं गवत एकाच बाजूले लोळलं असेल तर पाणी तिथून गेलं आहे. तंबू ओघळाच्या वाटेत नाही टाकायचा, अन् पांदणीवर तर अजिबात नाही, कारण रात्री दोनले कोणाचा तरी ट्रॅक्टर तिथूनच येते.

अन् गाडी लावताना तोंड बाहेरच्या बाजूले. हे मी आमच्या पोराईले सांगून सांगून थकलो. येताना सगळ्यांले घाई असते म्हणून नाक आत घुसवतात अन् जाताना हजार माणसांत रिव्हर्स घेत बसतात. सामान उतरवाच्या आधी एकानं पायी जाऊन बाहेर निघायची वाट पाहून यायची, ती वाट एकच आहे का दोन, मधात नाला आहे का, तिथं कोणी गाडी लावली तर आपण कोंडलो का. ट्रॉली पिकअपच्या मागं लावू नका, ट्रॅक्टरवाला भजनात रंगला अन् चाबी त्याच्या खिशात, मग बसा.

मौन श्रद्धांजलीच्या दिवशी तर गाडी हलवाचं नावच काढू नका. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे जिथल्या तिथं उभे राहतात, त्याच्या आधी दोन घंटे लोक येऊन राहतात अन् नंतर एकदमच निघतात. मोझरी म्हणजे नागपूर-अमरावती हायवेच, तिथं गाड्यांची रांग लागली की आपलं काही चालत नाही. त्या दिवशी मुक्काम धरा अन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या सामुदायिक ध्यानानंतर आरामात निघा.

तुमचा पिकअप फसला म्हणता तर माझीही ऐका. दर्यापूरकडं एका सप्ताहाची बिछायत घेऊन चाललो होतो, माझी मॅटाडोर होती तेव्हा, गाद्या, सतरंज्या, कनाती अन् वर बांबू. ड्रायव्हरनं शॉर्टकट म्हणून वावरातून घातली. आदल्या रात्री पाऊस झालेला, वरून माती वाळलेली, पापडासारखी. वीस-पंचवीस पावलं गेली अन् मागचं चाक एक्सलपर्यंत खाली. तो रेस देत गेला, चाक आणखी खाली. बांधावर वावरवाली म्हातारी उभी होती, तिनं पदर तोंडाले लावून पोटभर हसून घेतलं, मग म्हणते, "बाप्पा, पहिले गाद्या तर उतरवा, का गाद्यायसकट उडणार आहे थे?" खरंच, आम्ही अर्धा घंटा झाला भरलेली गाडी ढकलून राहिलो होतो. गाद्या उतरवल्या, चाकापुढची माती हातानं काढली, तिनंच दिलेल्या पऱ्हाटीच्या काड्या अन् दोन बारदाने चाकाखाली घातले, चाकातली हवा थोडी कमी केली अन् दोन बैलजोड्या मागून लावल्या. मागूनच, म्हणजे ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं, कारण ती जमीन निदान माहीत होती. तर रेस द्यायची नाही, पहिले रिकामी करायची, अन् पुढं नाही मागं काढायची. दोन-चार बारदाने अन् एक जाड दोर ट्रॉलीत ठेवजा, लागले नाही तर बसाले होतात.

तंबूखाली काय, तर जुना फ्लेक्स. गावात इलेक्शनचे, वाढदिवसाचे फ्लेक्स पडलेच असतात, त्याच्यासारखं खालचं अंथरूण नाही. सोयाबीन काढलेल्या वावरात धसकटं राहतात ती सुईसारखी, ताडपत्री फाडतात, टायरलेही सोडत नाहीत. म्हणून पहिले फावड्यानं धसकटं छाटून घ्या, मग फ्लेक्स, त्याच्यावर ताडपत्री, मग सतरंजी. फ्लेक्सची कड तंबूच्या बाहेर निघू देऊ नका, नाहीतर वरचं पाणी त्या कडेवर पडते अन् बरोबर तुमच्या उशाखाली येते. नेत्याचं तोंड खाली करून अंथरा, वर असलं तर पोरं रात्रभर दात काढतात.

वावर कोणाचं आहे ते विचारल्याशिवाय खुटा ठोकू नका. त्याची हरभऱ्याची तयारी चालू असते.

काका आम्ही ४ मित्र २ गाड्यांवर (बाइक) नागपूरला एका मोठ्या कॉन्सर्टला जाणार, समृद्धीवरून गेलं तर लवकर होईल ना? आणि बाइक पार्किंगची भीती वाटते, मागं एकाची गाडी पडून आरसा, टाकी सगळं गेलं.
— दिग्रसकडून

समृद्धीवर टू-व्हीलर चालत नाही रे बाबा, टोलवरूनच परत पाठवतील. जुन्या रस्त्यानं जा अन् अंधार पडाच्या आत पोचा.

गाडी पडते ती वाऱ्यानं नाही, साइड स्टँड मातीत जाते म्हणून. दुपारी माती कडक, संध्याकाळी टँकर पाणी मारते धूळ बसवाले, माती नरम झाली, स्टँड हळूहळू खाली, एक गाडी पडली की पत्त्यासारखी लाइनच पडते. चपटा गोटा किंवा चेपलेला डबा स्टँडखाली ठेवा. लाइनच्या मधात नाही, टोकाले लावा. बाभळीच्या सावलीत लावू नका, काटे खाली पसरले असतात अन् रात्री बारा वाजता पंक्चरवाला कुठून आणता. पार्किंगची चिठ्ठी घेतली की तिचा फोटो काढा, अन् गाडी जिथं लावली तिथल्या लाइटच्या खांबाचा, पाटीचाही फोटो काढा. तिथं हजारो मोबाइल एकत्र आले की नेटवर्क बसते, लोकेशन पाठवतो म्हणाल तर ते जाणारच नाही, म्हणून सुटल्यावर कुठं भेटायचं ते आधीच तोंडी ठरवा. चाब्या दोघांजवळ दोन.

अन् निघताना एक तर शेवटची दोन गाणी सोडा, नाहीतर संपल्यावर अर्धा घंटा तिथंच बसा. मधल्या वेळेत निघणारा गेटवरच उभा राहते अन् सायलेन्सरचा धूर खाते.

काका, मी, सासूबाई आणि माझी ५ वर्षांची मुलगी असे पहिल्यांदा ३ दिवस तंबूत राहणार आहोत, गावातले बाकी लोक सोबत आहेत. मला सापाची फार भीती वाटते आणि सासूबाईंना रात्री दोनदा बाहेर जावं लागतं. तंबू नेमका कुठं घ्यावा?
— एक ताई, यवतमाळ जिल्हा

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. संडासापासून लांब घेतला तर सासूबाई अंधारात चालणार, जवळ घेतला तर वास अन् रात्रभर दारांचा धडधडाट. साधारण चाळीस-पन्नास पावलांवर घ्या, वाट सरळ असावी अन् मधात लाइटचा खांब असावा. वारा कुठून येऊन राहिला ते मूठभर फुफाटा सोडून पाहा, संडास अन् जनरेटर दोन्ही वाऱ्याच्या खालच्या बाजूले पडले पाहिजे. जनरेटरचं तर विशेष, बायका त्याच्या उजेडाजवळ सुरक्षित म्हणून तंबू टाकतात पण त्याचा धूर रात्रभर आत येते. सासूबाईंसाठी एक टॉर्च त्यांच्या गळ्यात बांधून ठेवा, उशाखालचा टॉर्च गरजेच्या वेळी कोणालेच सापडत नाही.

कोपऱ्यावरचा तंबू मोकळा म्हणून लोक धावतात. पण कोपऱ्यावरून सगळा गाव जाते अन् रात्रीतून चारजण तुमच्या दोरीले अडकून तुमच्या अंगावर पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत घ्या. दोऱ्यांले पांढऱ्या चिंध्या बांधा, जुन्या सीडी असतील तर त्या टांगा, टॉर्च पडला की चमकतात.

आता साप. घोणस अन् नाग पायाखाली आले तर चावतात, त्यासाठी रात्री टॉर्च अन् बंद चप्पल-बूट. पण तंबूतल्या माणसाले खरी भीती मण्यारची, कारण ती रात्री फिरते अन् जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचा चावा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, कित्येकदा माणूस पहाटे पोट दुखते, घसा दुखते म्हणून उठते, मग पापण्या जड होतात, अन् घरच्यांले वाटते रात्रीचं जेवण बाधलं. कापसाच्या गंजीजवळ, कुटाराच्या ढिगाजवळ, दगडी धुऱ्याजवळ तंबू टाकूच नका, तिथं उंदीर असतात अन् उंदरामागं साप येते. खालून शिवलेला, चेनवाला तंबू भेटला तर तोच घ्या अन् चेन दिवसाही बंद ठेवा. साधी कनात असेल तर बाज अन् मच्छरदाणी, मच्छरदाणीची झालर गादीखाली चारही बाजूनं खोचलेली. मुलीले कडेले झोपवू नका. जेवणाचे उरलेले तुकडे, शेंगदाण्याची टरफलं रात्री तंबूत ठेवू नका. सकाळी चपला झटकून घाला, विंचवाचा मुक्काम चपलेतच राहते.

अन् कोणाले चावलंच, किंवा नुसता संशय आला, तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं तर मुळीच नाही. हात-पाय हलू द्यायचा नाही, १०८ ले फोन, अन् जिथं सापाच्या विषावरची लस आहे त्या सरकारी दवाखान्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ती एकच लस चालते, त्यामुळं साप मारून पिशवीत घेऊन जायची काही गरज नाही, त्या नादात दुसरा माणूस चावून घेते. पोचल्याबरोबर पहिलं काम हेच की जवळचा दवाखाना कोणता अन् तिथपर्यंत वाट कोणती ते विचारून ठेवायचं.

पहाटे थंडी वाजते म्हणून शेगडी आत घेऊ नका. बंद तंबूत कोळशाचा विषारी वायू साचते, त्याले वासही नसते, अन् माणूस झोपेतच जाते.

मुलीच्या फ्रॉकच्या आतल्या बाजूले तुमचा नंबर बॉलपेननं लिहा, खिशातली चिठ्ठी पोरं पहिल्या घंट्यात फेकतात.

काका, मी भंडारा जिल्ह्यातला, आमची धानाची शेती. अरुणाचलमध्ये झिरोला म्युझिक फेस्टिव्हल होतो तिथं कॅम्पिंग करतात म्हणे, आम्ही तिघं घरची बोलेरो घेऊन जायचं म्हणतोय. जमेल का?

जमाले काय, माणूस चंद्रावर गेला. पण दोन हजारावर किलोमीटर, शेवटी डोंगराचा रस्ता, अन् फेस्टिव्हल असते सप्टेंबरच्या शेवटी म्हणजे तिकडं पाऊस पुरता गेलेला नसते, दरड आली की दिवस दिवस अडकता. रेल्वेनं नाहारलागुनपर्यंत जा, तिथून झिरो शंभरेक किलोमीटर, सुमो भेटतात. गाडी लावायची चिंताच मिटली. अरुणाचलमध्ये जायले बाहेरच्यांले इनर लाइन परमिट लागते, ऑनलाइन निघते, ते निघाल्याशिवाय तिकीट काढू नका. २०१२ पासून होते हे फेस्टिव्हल, त्यामुळं तिथं तंबू भाड्यानं देणारे आहेत, इथून तंबू वाहून नेऊ नका. उंची दीड हजार मीटरच्या वर, रात्री आपल्या जानेवारीसारखी थंडी, रेनकोट अन् गमबूट घेऊन जा.

अन् तुम्ही धानवाले म्हणून एक सांगतो. तिथले आपातानी लोक धानाच्या बांधीतच मासे पाळतात, पाणी राखायले धुरे असे लिंपून ठेवलेले असतात की आपल्याकडच्यांनीही लाजावं. फेस्टिव्हलची पोरं शॉर्टकट म्हणून त्याच धुऱ्यावरून उड्या मारत जातात. तुम्ही तसं नाही करणार हे मला माहीत आहे. येताना ते पाणी कुठून आणतात, मासे कधी सोडतात, विचारून या अन् मला लिहा.

काका, माझं ३ एकर वावर एका मोठ्या कार्यक्रमाच्या जागेले लागून आहे. सोयाबीन निघालं की रिकामंच असते. पार्किंगले द्यायचं म्हणतो, दोन पैसे भेटतील. काही अनुभव?
— शेतकरी, तिवसा तालुका

तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण वरचे सगळे तुमच्याच वावरात येऊन पडणार.

हिशोब असा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. गाडी उभी राहाले आठ बाय सोळा फूट लागते, पण तिले वळाले, निघाले जागा धरली तर एका गाडीमागं पावणेतीनशे-तीनशे चौरस फूट धरा. कागदावर एकरी दीडशे येतात, खऱ्या वावरात धुरा, झाड, विहीर, एखादा वाकडा ड्रायव्हर पकडून शंभराच्या वर जाऊ नका. जास्त घातल्या की एक गाडी काढाले सहा काढा लागतात अन् मग भांडणं तुमच्या दारात. चुन्याच्या रेषा मारा, दोन ओळी पाठीला पाठ, मग वीस फूट वाट, मग दोन ओळी. दोरी बांधली तर आणखी चांगलं, चुना माणूस मानत नाही, दोरी मानते.

आत यायची वाट अन् जायची वाट वेगळी ठेवा, अन् दोन्ही तोंडाशी दोन-दोन ट्रॉल्या मुरूम टाका. वावर टिकते, फाटकच फसते, कारण प्रत्येक गाडी तिथूनच जाते. पैसे फाटकात घेऊ नका! गाडी थांबली, सुटे नाहीत, क्यूआर चालून नाही राहिला, मागं हायवेपर्यंत लाइन, अन् पोलीस येऊन तुमचंच फाटक बंद करतील. आत पन्नास पावलं येऊ द्या, तिथं पोरगा उभा करा. भाव मोठ्या अक्षरात बाहेरच लिहा. ग्रामपंचायत अन् पोलीस स्टेशनले आधीच सांगून ठेवा.

सोयाबीनचं कुटार मात्र एक काडी ठेवू नका. पन्नास किलोमीटर चालून आलेल्या गाडीचा सायलेन्सर तव्यासारखा असते, खाली कुटार असलं की धुमसते, अन् ओळीत गाड्या म्हणजे ओळीतच जातील. पाण्याची टाकी, रेतीच्या बादल्या, अन् बिडी पिणाऱ्या पोराले पार्किंगच्या ड्युटीवर ठेवू नका.

पाऊस आला तर धंदा बंद, मोह ठेवू नका. ट्रॅक्टर अन् दोर तयार ठेवा, अन् ओढाईचे वेगळे पैसे घेऊ नका, लोक ते गावभर सांगतात.

चाकानं जमीन घट्ट होईल, वाटेच्या जागी तर सिमेंटच. हरभरा पेराच्या आधी तिथं कल्टिव्हेटर दोनदा फिरवा. अन् त्याच्याही आधी घरच्या सगळ्यांनी पोतं घेऊन ओळीनं चालायचं, पाण्याच्या बाटल्या, पाऊच, तंबूचे खुटे, खिळे. तंबूचा लोखंडी खुटा मातीत राहिला तर तो तुम्हाले सापडणार नाही, पुढच्या साली तुमच्या ट्रॅक्टरच्या टायरले सापडेल. मी चाळीस वर्षांत किती खुटे लोकांच्या वावरात सोडले, त्याचा हिशोब तर माझ्याच जवळ नाही.

(पुढच्या अंकासाठी : लग्नाच्या मांडवाचे प्रश्न पाठवा. पंधरा तारखेच्या आत.)